तळ्याकाठचा संसार

शेतकऱ्याचे शेत जमिनीवर असते. त्याला बांध असतो, कुंपण असते, आणि तलाठ्याच्या दप्तरात त्याचा सातबारा असतो. मासेमाराचे शेत पाण्यात असते. त्याला बांध नाही, कुंपण नाही आणि त्याच्या नावाचा उताराही नाही. आज तुडुंब भरलेले हे शेत दोन वर्षांनी कोरडे पडणार नाही, अशी हमी त्याला कोणीही देत नाही. तरीसुद्धा अशा शेताच्या भरवशावर आजा, मुलगा आणि नातू अशा तीन-तीन पिढ्यांचे संसार उभे राहिले आहेत. बीड जिल्ह्यातील तळ्यांच्या काठी राहणाऱ्या मासेमार कुटुंबांची ही हकीकत आहे.

बीड हा मराठवाड्यातील जिल्हा होय. बालाघाटाच्या डोंगररांगा या जिल्ह्यातून गेल्या आहेत, आणि उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा या नद्या बालाघाटाच्या कुशीतच उगम पावतात. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीला मिळते. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावून महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तीन राज्यांतून सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करते, आणि मग गोदावरीत विलीन होते. नद्यांची नावे मोठी असली, तरी जिल्ह्यात पाऊस बेताचाच पडतो. वर्षाकाठी सरासरी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर एवढाच पाऊस येथे होतो, आणि तोही लहरी असतो. त्यामुळे या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात, आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या डोहांपुरत्याच उरतात.

अशा नद्यांच्या काठी भोई समाजाची वस्ती पूर्वापार आहे. पालख्या व मेणे वाहणे हे भोयांचे प्रसिद्ध काम. परंतु त्यांचे खरे नाते नदीशीच होते. नद्यांवर पूल नव्हते, त्या काळी पावसाळ्यात वाटसरूंना पैलतीरी पोचविण्याचे काम भोईच करीत. कोठे नाव असे, कोठे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे, तर कोठे गूळ शिजविण्याची मोठी काहील पाण्यात सोडून तिच्यात माणसे बसवीत. पूर ओसरला की डोहांत जाळी पडत. उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडले की त्याच वाळूत टरबुजांचे आणि खरबुजांचे वेल लावीत. बाजाराच्या दिवशी भोयाच्या घरी भट्टी पेटे, आणि फुटाणे व मुरमुरे भाजले जात. एका पोटासाठी चार धंदे करावे लागत, याचे कारण उघड आहे. त्यांपैकी एकही धंदा बाराही महिने पुरत नसे.

मासेमारी तरी कशी? एका डोहातील मासे संपले की बिऱ्हाड पाठीवर टाकून पुढच्या डोहाकडे जावयाचे. काठावर पाल ठोकावयाचे, चार दिवस राहावयाचे, आणि पुन्हा पुढची वाट धरावयाची. जाळे घरीच विणावे लागे. सुताचे जाळे पाण्याने लवकर कुजते. ते टिकावे म्हणून बाभळीची साल उकळून तिच्या तांबूस काढ्यात ते बुडवीत. फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवीत, म्हणजे जाळे पाण्यावर गोल उघडून पडे आणि कडा भराभर तळाला जात. हे जाळे फेकण्याची कला बापाने मुलाला शिकवावयाची. घरातील जाळे हेच त्या घराचे वतन होते.

पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि पालख्या बंद पडल्या. नद्यांवर पूल बांधले गेले, आणि नावाड्यांचे काम संपले. चार धंद्यांपैकी दोन हातचे गेले. याच सुमारास जिल्ह्याच्या भूमीवर एक मोठा बदल घडून येऊ लागला. जेथे पूर्वी फक्त नद्या होत्या, तेथे तळी दिसू लागली.

या जिल्ह्यातील बहुतेक सर्व तळी माणसाच्या हातांनी निर्माण केलेली आहेत. बीड शहराजवळ पाली येथे बिंदुसरा नदीवर १९५० नंतरच्या दशकात धरण झाले. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा लोकांना काम मिळावे म्हणून शासनाने जागोजागी कामे काढली, आणि उपाशी माणसांच्या हातांनी माती वाहून अनेक पाझर तलाव उभे केले. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर सुमारे सव्वाचार किलोमीटर लांबीचे मातीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. त्यात सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाणी साठते. सिंदफणेवरील माजलगावचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. पैठणच्या नाथसागरातून निघालेल्या उजव्या कालव्याचे पाणीही या धरणात येऊन पडते.

धरण बांधताना जे क्षेत्र पाण्याखाली जाते, त्याला बुडीत क्षेत्र म्हणतात. हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. परंतु त्याच्या पोटात घरे, विहिरी, देवळे आणि काळीभोर शेते असतात. धरणाच्या भिंतीमागे पाणी चढू लागले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांना आपले गाव सोडावे लागले. ज्या पाण्याने शेतकऱ्याचे शेत बुडविले, त्याच पाण्याने मासेमाराला शेत दिले. तळ्याकाठच्या संसाराचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

तळे झाले आणि भोयांची भटकंती थांबली. जे कुटुंब पूर्वी डोहामागून डोह हिंडत असे, ते आता तळ्याच्या काठी स्थिर झाले. आधी पाल आले, मग पालाच्या जागी कुडाची खोपी उभी राहिली, आणि मग खोपीवर पत्रे चढले. अमेरिका व कॅनडा या देशांतही मोठमोठ्या सरोवरांच्या काठी एकेका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेले मासेमारीचे तळ आहेत. तेथे शहरांतील हौशी लोक सुट्टीत येऊन राहतात, गळ टाकून बसतात, आणि त्यांची सोय लावणे हा त्या कुटुंबाचा व्यवसाय असतो. आपल्याकडील तळ्याकाठी हौसेला जागा नाही. येथे जो जाळे टाकतो, त्याच्याच घरी संध्याकाळी चूल पेटावयाची असते.

या घराचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. दिवस मावळताना बाप आणि मुलगा थर्माकोलच्या चप्पूवर बसून पाण्यात जातात. चप्पू म्हणजे थर्माकोलचे तुकडे एकत्र बांधून केलेला साधा तराफा. ते खोल पाण्यात नायलॉनचे लांबच लांब जाळे आडवे लावतात. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे आणि खालच्या दोरीला वजने असल्यामुळे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. रात्री हिंडणारा मासा त्यात डोके घालतो, आणि त्याचे कल्ले धाग्यात अडकतात. पहाटे, काळोख असतानाच, जाळे ओढावयाचे. सूर्य वर आला की मासळी नासू लागते, म्हणून उजाडण्यापूर्वी ती काठाला लागली पाहिजे. काठावर वजनकाटा असतो, बर्फ असतो. मोठी मासळी बर्फात घालून व्यापारी शहराकडे नेतात. लहानसहान मासळी पाटीत घेऊन घरची बाई आठवड्याच्या बाजाराला जाते. दुपारी सगळे घर सावलीत बसून फाटलेले जाळे सांधते. या धंद्यात मालक आणि नोकर असा भेद नसतो. ज्याच्या हाताला जे जमेल, ते त्याने करावयाचे.

आता मासळीविषयी थोडे पाहू. मरळ, वाम आणि झिंगे ही आपल्या नद्यांतील जुनी मासळी. मरळ मोठा चिवट असतो. तो हवेतही श्वास घेऊ शकतो, म्हणून ओल्या चिखलातही काही काळ तग धरतो. परंतु तळ्यातून जी मासळी जास्तीत जास्त बाजारात जाते, ती कटला, रोहू आणि मृगळ ही होय. गंगेच्या खोऱ्यात प्रसिद्ध असलेल्या या जाती आज देशभरच्या तळ्यांत वाढविल्या जातात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघेही एकाच तळ्यात राहतात. पण एकमेकांच्या घासात वाटेकरी होत नाहीत.

या माशांची एक अडचण आहे. वाहत्या पाण्यात, पुराच्या ओढीत ते अंडी घालतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात सहसा घालत नाहीत. पूर्वी त्यांची पिले पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावी लागत, आणि त्यांत कोणकोणत्या जातींची भेसळ आहे हेही कळत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अनुगूळ येथे डॉ. हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी या अडचणीवर उपाय शोधला. माशाच्या मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. तिचा अर्क टोचून त्यांनी बंदिस्त पाण्यातील माशांकडून अंडी मिळविली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. या शोधामुळे माशांचे बी शेतकऱ्याच्या बियाण्याप्रमाणे मिळू लागले. अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी दिसतात. ती थोडी वाढली की मत्स्यबीज होते, आणि बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. बोटुकली झाल्यावर ती तळ्यात सोडतात, म्हणजे मरळासारख्या खादाड माशांच्या तोंडी ती सहजासहजी पडत नाहीत. चांगले खाद्य आणि पुरेसे पाणी मिळाले, तर वर्षभरात त्यांतील मासा सुमारे किलोभर वजनाचा होतो.

म्हणजे मासेमाराला आता केवळ कापणी करून चालत नाही. त्याला पेरणीही करावी लागते. आणि पेरणीसाठी पैसा लागतो. एवढ्या मोठ्या तळ्यात एका घराने बीज सोडले, तर त्याचे मासे दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार! यावर उपाय एकच, तो म्हणजे सहकार. रत्नागिरीजवळच्या कर्ला येथे १९१३ साली मच्छीमारांची सहकारी संस्था स्थापन झाली. देशातील ती या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. समुद्रकाठी रुजलेले हे बीज पुढे गोड्या पाण्याच्या काठीही पोचले. आज धरणे व तलाव यांत मासेमारी करण्याचा ठेका शासन ठराविक मुदतीने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना देते. संस्थेने ठेक्याची रक्कम भरावयाची, सर्वांच्या वतीने बीज सोडावयाचे आणि सभासदांनी जाळी टाकावयाची, अशी ही पद्धत आहे. ज्याच्याजवळ सातबारा नाही, त्याच्याजवळ निदान संस्थेचे सभासदत्व असते.

संस्थेचा खरा कस मात्र हिशेबाच्या वहीत लागत नाही; तो जाळ्याच्या डोळ्यांत लागतो. जाळ्याच्या दोन गाठींमधील छिद्राला डोळा म्हणतात. मोठ्या डोळ्यांच्या जाळ्यातून लहान मासा निसटून जातो आणि वाढतो. बारीक डोळ्यांच्या जाळ्यात बोटुकलीही सुटत नाही. बारीक जाळे टाकणाऱ्याला त्या दिवशी जास्त मासळी मिळते, परंतु पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच पाट्या रिकाम्या राहतात. पाण्यात विष कालवून किंवा स्फोट करून मासे मारणे हा तर गुन्हाच आहे. आपल्या देशात १८९७ सालच्या कायद्याने त्यास बंदी केली. पण रात्रीच्या काळोखात, भर तळ्यात, कायदा पाहावयाला कोण येणार? तेथे घरची शिकवण हाच कायदा असतो.

पहाटे जाळे काठावर आले की नातू मासळी निवडावयास बसतो. हातात तळमळणारे रोहूचे पिलू पाहून तो विचारतो, “आबा, जाळ्यात आलाय ना हा? मग का सोडायचा?”

आजोबा म्हणतात, “लेकरा, लेकुरवाळ्या घरातलं लेकरू उचलतात का? सोड त्याला. दिवाळीनंतर तोच तुझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे घेऊन येईल.”

एवढ्या संवादात तळ्याकाठच्या अर्थशास्त्राचे सार आले आहे.

मात्र माणसाने कितीही संयम पाळला, तरी पाऊस त्याच्या हाती नाही. २०१४ व २०१५ ही दोन्ही वर्षे मराठवाड्याला पावसाने पाठ दाखविली. मांजरा धरणातील पाणी उतरत उतरत शेवटी तळाला गेले. हे तेच धरण, ज्याच्या पाण्यावर केज, अंबाजोगाई, कळंब आणि लातूर ही गावे अवलंबून आहेत. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला तिने दहा टाक्यांतून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी आणले. माणसांना पिण्यासाठी आगगाडीने पाणी येत आहे, ही बातमी साऱ्या देशाने वाचली. परंतु त्याच धरणाच्या काठी, ज्यांचे शेतच पाण्याचे होते, त्यांच्या घराची स्थिती काय झाली असेल, याचा विचार थोड्यांनीच केला असेल.

पाणी आटू लागते तेव्हा आधी काही दिवस मासळी भरपूर सापडते, कारण सगळे मासे थोड्या पाण्यात गोळा होतात. हा फसवा सुकाळ होय. मग पाणी तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि कटला व रोहू पोटे वर करून तरंगू लागतात. शेवटी चिखल उरतो, आणि चिखलाला भेगा पडतात. उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर शेतकरी गाळपेर करतो. वर्षानुवर्षे साठलेला गाळ गाड्या भरून आपल्या रानात नेतो. तळ्याचे पाणी गेले तरी शेतकऱ्याच्या हाती माती येते. मासेमाराच्या हाती फक्त कोरडे जाळे राहते.

बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी परमुलखांत जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि त्यांची शाळा बुडते. तळ्यात मासळी असली, तर तळ्याकाठच्या घराला गाव सोडावे लागत नाही. तळे आटले, तर त्या घरालाही कामासाठी वाट फुटेल तिकडे जावे लागते. म्हणून तळ्यातील पाण्याची पातळी ही केवळ पाटबंधारे खात्याच्या वहीतील नोंद नसते. एखाद्या मुलीचे नाव शाळेच्या पटावर राहणार की नाही, हेही तिच्यावर ठरते.

२०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस पावसाने कृपा केली आणि मांजरेच्या तळ्यात पुन्हा पाणी आले. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात तर एवढा पाऊस झाला की धरणाचे दरवाजे उघडून पाणी नदीत सोडावे लागले. परंतु पाणी आले म्हणजे त्याच दिवशी मासळी आली असे होत नाही. बीज आणावे लागते, सोडावे लागते, आणि ते वाढेपर्यंत वाट पाहावी लागते. शेतकरी चार महिन्यांत ज्वारी काढतो. मासेमाराला वर्षभर धीर धरावा लागतो. त्या काळात बारीक डोळ्यांचे जाळे हातात घेण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. कारण चूल तर रोजच पेटवावयाची असते. अशा वेळी ज्या तळ्यावरचे सभासद एकमेकांना उसनेपासने देऊन सावरतात आणि बोटुकलीला हात लावीत नाहीत, त्या तळ्यावर पुढच्या वर्षी मासळी येते. जेथे प्रत्येक जण “मी नाही धरला तर दुसरा धरीलच” असे म्हणतो, तेथे पाणी असूनही तळे ओसाड राहते.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पाण्यातील शेती हीही शेतीच आहे, हे अशा रीतीने मान्य झाले. मासेमाराला त्याचा लाभ व्हावा, अशी आशा आपण करू या. परंतु जी गोष्ट कोणत्याही निर्णयाने मिळत नाही, ती या कुटुंबांनी आधीच मिळविली आहे. तळे कोणा एकाचे नाही, म्हणून ते सर्वांनी राखावयाचे, ही ती गोष्ट होय. ज्या शेताला कुंपण घालता येत नाही, त्याला माणसाच्या संयमाचेच कुंपण घालावे लागते. आपल्या गावची विहीर, गायरान, शाळा आणि रस्ता हीसुद्धा अशीच बिनकुंपणाची शेते आहेत, हे आपणही ध्यानात ठेवले पाहिजे.

शब्दार्थ

काहील – गुळासाठी उसाचा रस उकळण्याची मोठी कढई. सांगड – पाणी ओलांडण्यासाठी भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा. वतन – वंशपरंपरेने मिळालेला हक्क. खोपी – लहान झोपडी. कल्ले – माशाचे श्वासाचे अवयव. गाळपेर – तळ्याचे पाणी ओसरल्यावर गाळाच्या जमिनीत केलेली पेरणी. पट – शाळेतील विद्यार्थ्यांच्या नावांची नोंद. गायरान – गावच्या गुरांसाठी राखलेली जमीन.

स्वाध्याय

१. पूर्वी भोई समाजाला एकाच वेळी अनेक धंदे का करावे लागत? त्यांपैकी कोणते धंदे बंद पडले, आणि कशामुळे?

२. कटला, रोहू व मृगळ हे तिघे एकाच तळ्यात सुखाने कसे राहतात?

३. १० जुलै १९५७ या दिवसाचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.

४. ‘फसवा सुकाळ’ असे लेखकाने कशाला म्हटले आहे? का?

५. पुढील वाक्याचे स्पष्टीकरण करा : ‘ज्या शेताला कुंपण घालता येत नाही, त्याला माणसाच्या संयमाचेच कुंपण घालावे लागते.’

६. ‘वाट फुटेल तिकडे जाणे’, ‘पाठ दाखविणे’, ‘तग धरणे’ या वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

७. तुमच्या गावाजवळच्या तळ्याची किंवा नदीची माहिती घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा, आणि तिच्यावर दहा ओळी लिहा.